यंदाचा जाळपट्टा

५ जानेवारी, कार्ले
आज मीटिंगमध्ये डोंगर ग्रुपचा प्रमुख म्हणून माझी निवड झाली. दुसरं कोणी तयारच नव्हतं, इतका विश्वास. पहिलं काम जाळपट्टा. डोंगरावर लावलेल्या रोपांभोवतीचं वाळलं गवत आपणच पट्ट्यापट्ट्याने जाळायचं, म्हणजे उन्हाळ्यात वणवा तिथे अडतो. गवतावर दव असतानाच करावं लागतं, म्हणजे याच महिन्यात. रविवारी नक्की.

११ जानेवारी, रविवार
सगळे पहाटेच आले, निरगुडीच्या ओल्या डहाळ्या घेऊन. आग पट्ट्याबाहेर निघाली तर झोडपायला. काडेपेटी माझ्याकडे. पण वारा जाणवला. कोंडाजी आबा म्हणाले, "वारा कुटंय? मी दम टाकला त्यो!" तरी रद्द केलं. प्रमुखाने रिस्क घ्यायची नसते. काडेपेटी न उघडताच परत खिशात घातली.

१८ जानेवारी
आधी ट्रेनिंग. शिट्टीचे संकेत ठरवले. एक म्हणजे पुढे, दोन म्हणजे मागे, तीन म्हणजे पळा. सरावात तीन वाजवल्या. मी एकटाच पळालो. लोकांना शिस्त नाही. पट्टा पुढे ढकलला.

२५ जानेवारी
आगीपासून बचावासाठी मागवलेली जॅकेट आली नाहीत. पट्टा पुढे.

१ फेब्रुवारी
नंदाबाई मावशी आमच्या दुकानात येऊन बोलल्या. दोन उन्हाळे डोक्यावर हंडे नेऊन त्यांनी ती जांभळं आणि बेहडे जगवलेत, हे मला माहीत आहे. तरी म्हणाल्या, "चूल पेटवायाबी मीटिंग घेतोस का रं रमीज? माजी झाडं गेली तर तुजं नावच घीन." अम्मी आतून हसली. मी शांतपणे समजावलं की घाई म्हणजेच वणवा. वाक्य चांगलं जमलं.

८ फेब्रुवारी
दव पडायचं थांबलं. ग्रुपमधली सारिका म्हणाली, आता काडी लावली तर डोंगरच पेटेल. म्हणजे न पेटवून मी डोंगर वाचवला. हे कोणी बोललं नाही. नवा प्लॅन: जाळायचंच नाही, विळ्याने कापायचं. आधीच सुचायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी
देवळाकडची बाजू कापून झाली. रस्त्याकडची पुढच्या रविवारी.

२२ फेब्रुवारी
चुलतभावाचं लग्न, आंबीला. रस्त्याकडची बाजू राहिली. एका आठवड्याने काय होतंय.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
दुपारी धूर दिसला. रस्त्याकडूनच. कोणी लावली, कळलं नाही. मी तेव्हा वरच होतो. ताबडतोब खाली धावलो, मदत आणायला. खाली कोणी नव्हतं. सगळे दुसऱ्या वाटेने वर गेले होते. पाण्याचे कॅन घेऊन पोचलो तर आग विझली होती. लोकांनी ते पाणी प्यायलं.
देवळाकडची झाडं राहिली. रस्त्याकडची सगळी गेली. मावशींच्या दंडाला भाजलं. त्या काळ्या खोडांवरून हात फिरवत होत्या, एकेकावरून.  मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ मार्च, रविवार
मीटिंग. राजीनाम्याचं भाषण पाठ केलं होतं. निदान आबा तरी थांबवतील असा अंदाज होता. मी उठायच्या आत सारिकाने मीटिंग सुरू केली. नवी रोपं पावसाळ्यात. पुढच्या जानेवारीतला पट्ट्याचा दिवसही ठरला. काडी सारिका लावणार.
माझं काम विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग आबा म्हणाले, "तू त्या दिशी तळेगावला जायचं." बाहेरची जबाबदारी भरवशाच्या माणसालाच देतात. कशासाठी जायचं, ते विचारलं.
मावशी त्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "ते बगू मागनं. पन पाटंच निघ, बाबा."