वहीत नसलेलं तेल

ता. ११, मंगळवार, दुपार

चिरंजीव विसरभोळ्यास,

अनेक आशीर्वाद. मी तुझी आई. ओळख पटावी म्हणून खूण सांगते: बुटकी, डाव्या कानाने कमी ऐकणारी, तुझ्या लेकीची आजी. लेक कोण हेही आठवत नसेल तर हे पत्र जहाजावरच्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे. बायकोचा वाढदिवस उलटून आठवडा झाल्यावर तू फोन केलास आणि वर विचारलंस, "काय विशेष?" विशेष तूच, बाबा.

इकडे सगळं ठीक. मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त झाला. नात शाळेच्या सहलीला गेलीय. एरवी माझी पत्रं तीच लिहिते, आणि न आवडलेली वाक्यं गुपचूप गाळते. आज पेन सूनबाईच्या हातात आहे. तिला आधीच बजावलंय, "तुझ्याबद्दलच सांगणार आहे, एक अक्षर गाळायचं नाही." तर म्हणते, "आई, माझं कौतुक मीच कसं लिहू? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक कुठले? तुझा नवराच वाचणार.

तर ऐक. फोनवर तिने तुला "एक तपासणी आहे" एवढंच सांगितलं. खरी गोष्ट अशी, की चार महिन्यांपूर्वी डेपोच्या डॉक्टरने तिला सांगितलं, रक्तातली साखर काठावर आलीय, वजन सहा किलो उतरवा. पुढच्या तपासणीपर्यंत उतरलं नाही तर तिच्या हातातली बस काढून घेणार आणि तिला तिकिटाच्या खिडकीत बसवणार. मी म्हटलं, बसून काम, सावली डोक्यावर, काय वाईट? म्हणाली, "आई, खिडकीतून नुसते लोक दिसतात. रस्ता दिसत नाही."

मी एकदाच तिच्या बसमध्ये बसलेय. बाजाराच्या कोपऱ्यावरचं ते अवघड वळण तिने असं घेतलं, की उभ्या माणसाचासुद्धा तोल गेला नाही. शेजारचा म्हातारा म्हणाला, "ड्रायव्हर चांगला दिसतोय." मी म्हटलं, "चांगला नाही, चांगली. सून आहे माझी." उतरेपर्यंत मी ताठ बसले होते.

मला वाटलं, आता ही उपाशी राहणार. तर नाही. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईने तिला ताकीदच दिली होती, जेवण चुकवायचं नाही. मग हिने पहिलं काय सोडलं असेल? उभ्याने खाणं. अरे, बाई जेवते एकदा आणि ओट्याशी उभ्याने खाते दहादा. लेकीच्या ताटातला घास, पातेल्याला लागलेला भात, वाया नको म्हणून. बाईचं पोट म्हणजे घरातली उरल्यासुरल्याची बादली! ती बादली हिने त्या दिवशी पालथी घातली. आता लेकीने टाकलेलं झाकून ठेवते आणि संध्याकाळी लेकीलाच वाढते. नात हल्ली बेताचंच वाढून घेते.

ताट लहान केलं. अर्ध्यात भाजी, उरलेल्या अर्ध्यात थोडा भात आणि डाळ, नाहीतर अंडं. चहातली साखर एकदम नाही तोडली, आठवड्याला पाव चमचा उतरवत गेली. कँटीनचा मामा तळणाची बशी पुढे करतो, ही म्हणते, "आज नको मामा, उद्या." दोन महिने झाले, मामाचा उद्या काही उजाडत नाही. रविवारी मात्र एक वाटी गोड खाते. बसून, सावकाश, अशी मन लावून, की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. दोन फेऱ्यांच्या मध्ये डेपोच्या आवारात भराभरा चालते. क्लीनर विचारतात, "बाई, गाडी हरवली काय?" आणि खाल्लेलं सगळं, अगदी अर्धा चमचासुद्धा, रोज संध्याकाळी वहीत लिहिते.

चार किलो उतरले. मग काटा जो अडला, तो पाच आठवडे हलेना.

नळ दुरुस्त करणारा माणूस फार गप्पिष्ट होता, ते सांगायचं राहिलं. सूनबाई म्हणते, "आई, नळाचं झालं लिहून. आणि तुम्ही तिसऱ्यांदा पाणी पिताय. बोला काय ते."

बरं, बोलते.

चार किलो उतरल्यावर शेजारची शिवणवाली मला जिन्यात म्हणाली, "काय हो, सून वाळली तुमची! खायला घालता ना?" हसतच म्हणाली, पण मला झोंबलं. आमच्या वेळी सून बारीक झाली की कारणं दोनच, दुखणं नाहीतर सासू. दुखणं तर नव्हतं. मग राहिलं कोण?

तिच्या डब्याची भाजी मी करते. तेल एकच चमचा, असं तिने सांगून ठेवलेलं. मी एक चमचा मोजून टाकायचे आणि मग तीन न मोजता. डाळीत लोण्याचा गोळा विरघळवायचे. संध्याकाळी ती वहीत लिहायची, तेल एक चमचा. मला अक्षर येत नाही रे, पण तिच्या वहीत पाच आठवडे खोटं मी लिहिलं.

पेन थांबलं. लिही गं. हेही लिही.

काटा हलेना म्हणून तिने रात्रीचं जेवण सोडलं. मला म्हणायची, डेपोत खाऊन आले. आणि गेल्या सोमवारी शेवटच्या थांब्यावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तशातही आधी ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, उतारू उतरवले, आणि मग पायरीवर बसली. कंडक्टर घरी सोडून गेला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, माझ्या अंगातच काहीतरी खोट आहे. सगळं करते, तरी काही होत नाही." मी तिच्या कपाळावरून हात फिरवत गप्प बसले. तेल चुकून पडलं म्हणता येईल. ते गप्प बसणं चुकून नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तेल खरंच एक चमचा. काल काटा अर्धा किलो खाली आला आणि हिने आनंदाने मला मिठी मारली. ती मिठी मला घेववेना. समोरासमोर बोलायचा धीर नाही, म्हणून हे पत्र. लिहायला बसलेलं माणूस मधेच उठून जात नाही, असं वाटलं.

वाटलं ते चुकलं. उठून गेली होती. आता वही घेऊन आलीय. विचारते, "म्हणजे माझं चुकत नव्हतं?" नव्हतं गं. अगं, रोज चार चमचे तेल आणि लोणी पोटात जाऊनही तू काटा वर जाऊ दिला नाहीस! दुसरी असती तर बसच्या दारात अडकली असती.

हसली. मग रडली. मग चिडली. "आजपासून डबा मी करणार. तुम्ही शेगडीजवळ यायचं नाही." बरोबर आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "भाजी तेवढी चिरून देत जा." रात्रीचं जेवण सोडणार नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

तपासणीला बावीस दिवस आहेत आणि दीड किलो उरलाय. जमेल की नाही, ठाऊक नाही. नाही जमलं तर डॉक्टरपुढे मी जाऊन बसणार आणि सांगणार, ह्या बाईला मुदत वाढवून द्या, तेल माझं होतं.

आता तुझं काम. पुढच्या बंदरावरून बिस्किटांचे डबे पाठवू नकोस. अक्रोड पाठव, कवचासकट. फोडून खायला वेळ लागतो, मूठभर होईतो हात दमतो. आजवर तुझी प्रत्येक पेटी माझ्या नावावर आली. या पेटीवर तिचं नाव घाल, आणि नावाखाली ठळक लिही: बसचालक.

अंगठा माझा, अक्षर तिचं.
तुझी आई