व.चा गुरुवार

८ मार्च, रवि.
साळ्याचा पोरगा नोकरीला लागला, त्याचं जेवण. सावजी हॉटेलात बारा जण. साळा हात धुवायला उठला तेवढ्यात मी काउंटरवर जाऊन बिल चुकतं केलं. बोंबलला बिचारा. "भाऊजी, तुमच्यासंग जेवाले येणं म्हणजे आमची बेइज्जती हाये." सगळे हसले. माझा हा खेळ जुना आहे. एकेकाळी ठेल्यावर कूलर टाकून गल्लोगल्ली विकले, तेव्हा कोणी चहा पाजला तर नाही म्हणायची ऐपत नव्हती. आता कोणाला खिशात हात घालू देत नाही.
येताना व. स्कूटरवर मागे बसून काहीतरी गुणगुणत होती. हिवाळ्यात हीच बायको ताट पुढ्यात घेऊन बसायची आणि तसंच उचलून ठेवायची. आज सावजी रस्सा मागून घेतला. दवा नाही, दारू नाही. हवा बदलली म्हणून असेल.

१२ मार्च, गुरु.
चेकबुक राहिलं म्हणून दुकानातून घरी परत. व. तयार होऊन फोनवर. माझे कान तिखट, दारातूनच ऐकलं : "हो मॅडम, अकरा वाजता. फी रोखच देईन."
"कोणती फी?" म्हटलं.
लपवलं नाही. सरळ सांगितलं. धंतोलीत एक मानसशास्त्रज्ञ बाई आहे, दर गुरुवारी जाते. दिवाळीनंतरपासून.
"काहून? तुले काय झालं?"
"काही झालं नाही."
"गोळ्या देते?"
"गोळ्या डॉक्टर देते. ह्या ऐकते."
"ऐकाचे पैसे?"
व. हसली आणि चप्पल घालून निघाली. ऑटोनं. गाडी दारात उभी.
पैसे कुठून देते? ब्लाउजच्या शिलाईतून. ते काम बंद कर म्हणून कितीदा सांगितलं. मशीन मागच्या खोलीत नेऊन ठेवली मीच, कारखानदाराची बायको दुसऱ्यांचे ब्लाउज शिवते हे बरं दिसत नाही म्हणून. म्हणजे तिथं बसून शिवतेच आहे.

१४ मार्च, शनि.
दुकानात हाच विषय काढला, नाव न घेता. कूलरची गिऱ्हाइकी अजून कोमट, महाल भागातले रिकामे लोक येऊन बसतात. भगत मास्तर रिटायर झाल्यापासून माझ्याच खुर्चीत. म्हणाले, "परतेक माणसानं जावं. दातासाठी जातो ना? मग मनासाठी काहून नाही? अन पैसे सरकारनं द्यावे."
मी म्हटलं, "मास्तर, सरकारनं दवाखान्यात पंखा नाही लावला, तुमचं मन कुठं लावते?"
जब्बार मिस्त्री पंप बसवत होता, तिथूनच : "सेठ, वो पैसे हमकू दो. हम भी सुनते. रोजच सुन रहे, वो भी मुफत में."
मग मीच फैसला दिला. ज्याच्यामुळे डोकं फिरलं त्यानं फी द्यावी. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मास्तर म्हणाले, "मंग तर नागपुरातले सारे नवरे दिवाळखोर." खूप हसलो.
घरी जाताना मात्र तेच डोक्यात फिरत राहिलं. माझ्यामुळे? मी काय केलं? मारलं नाही, पिलो नाही, मागितलं त्याहून जास्त आणून दिलं.

१७ मार्च
जेवताना सहज विचारलं, "काय बोलता दोघी?"
"काही बी."
"माझ्याबद्दल?"
"तुमच्याबद्दलबी. माझ्या मायबद्दल. पावसाबद्दल."
पावसाबद्दल बोलायला धंतोलीत कशाला जावं लागते? पण विचारलं नाही. दोन पोळ्या आणि वर भात खाल्ला तिनं. तेवढं पाहिलं.

२३ मार्च, सोम.
धंतोलीत एका दवाखान्यात सहा कूलर उतरवायचे होते. माल उतरेपर्यंत दोन गल्ल्या सोडून त्या मॅडमचा पत्ता शोधला. दुसरा मजला. बाहेर काउंटरवर एक पोरगी.
म्हटलं, "वंदना मेश्राम. मी मिस्टर. सहा महिन्यांचे पैसे एकदम जमा करून घे."
पोरगी घुटमळली. "मॅडमला विचारावं लागेल, काका."
"अवं बाई, पैसे घेताना कोणी विचारते का?" हसली, घेतले. पावती दिली. निघताना तिला म्हटलं, मॅडमले सांगजो, आमची व. भोळी आहे. मनाला लावून घेते. जरा माझीही बाजू समजावून सांगा म्हणावं.
छान वाटलं. ब्लाउजच्या पैशातून आता तिनं स्वतःसाठी काहीतरी घ्यावं. गुरुवारी कळेल तेव्हा तोंड पाहण्यासारखं होईल.

२६ मार्च, गुरु.
मुद्दाम घरी थांबलो. साडेबाराला आली.
"तुम्ही गेले होते तिथं."
"सरप्राइज," म्हटलं.
"मॅडम म्हणे, तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. निरोपबी सांगतला तुमचा."
"मग? पैसे भरलेच ना वं, घेतले तर नाही."
पर्स टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आख्ख्या नागपुरात एक खुर्ची होती, जिचं भाडं मी देत होती. तीबी तुमची झाली."
मी बोललो बरंच. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. कष्ट, ठेला, ऊन, तेच सगळं. ती ऐकत होती. फक्त ऐकत. मध्येच वाटलं, कूलर विकून राहिलो आहे.

३० मार्च
सकाळी ताट तसंच उचललं. "भूक नाही." दुपारी फोन करून विचारलं, जेवली का? "हो." ह्या "हो"चा आवाज ओळखतो मी. हिवाळ्यात हाच होता. तेव्हा ओळखला नव्हता, एवढंच.

२ एप्रिल, गुरु.
दहा वाजले, सव्वादहा. व.नं पडदे काढले आणि भिजवले. अकराला कपडे आपटण्याचा आवाज. मी पेपर धरून बसलो होतो. शेवटी म्हटलं, "जाणार नाही का?"
"कुठं?"
पेपर पुन्हा वर धरला.
दुकानात आज वर्षाची सर्वात जास्त विक्री. जब्बार म्हणाला, "सेठ, मिठाई." दिली. मी नाही खाल्ली.

४ एप्रिल, शनि.
प्राचीला फोन केला, पुण्याला. मुलीशी सहसा मी पाच मिनिटं बोलतो, हवापाणी, पगार. आज सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, पप्पा, तुम्ही किती चांगले.
ती म्हणाली, "पप्पा, आमच्या कंपनीतबी आहे कौन्सेलर. फ्री. कंपनी पैसे देते."
"मग चांगलंच आहे ना."
"कोणी जात नाही. पैसे कंपनीचे, तर कान कोणाचे? खरं असो-नसो, मनात तेच येते. मी बाहेर जात होती, मागच्या वर्षी."
"तू? तुले काय झालं होतं?"
"झालं होतं, पप्पा."
"मले काहून नाही सांगतलं?"
"तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले असते. त्या पोराच्या घरी जाऊन मिटवून आले असते. आईनं फक्त पैसे पाठवले. विचारलंबी नाही किती वेळा जाते म्हणून. मंग मीच तिले म्हटलं, आई, आता तू जा."
कोणता पोरगा ते विचारणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.
ब्लाउजच्या पैशातून दोघी.

६ एप्रिल
धंतोलीला गेलो. यावेळी मॅडम स्वतः बाहेर आल्या. वयानं प्राचीएवढ्या. मी म्हटलं, मॅडम, चूक झाली, पैसे परत द्या. अन तिला सांगा की या माणसाचा आता काही संबंध नाही.
म्हणाल्या, "पैसे परत देते. पोरीनं घ्यायलाच नको होते, ती आमची चूक. पण काका, कोण येतं, कोण येत नाही, ह्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. निरोपसुद्धा नेऊ शकत नाही."
"मागचा तर नेला."
"नेला नाही. तुम्ही असं म्हणाला होता, हे लपवलं नाही. त्यात फरक आहे."
आहे. जिना उतरताना कळला.

८ एप्रिल
परत आलेले पैसे व.समोर ठेवले. "तूच भर आता. तुझ्या हातानं."
"तुमचेच ना हे."
"मग शिलाईचे भर."
"भरीन ना, वाटलं तर." शांतपणे म्हणाली. रागावली नाही. मग, "तिथं बसली तर आता तुमची बाजूच आठवते मले पहिले."
ते पैसे कपाटात तसेच. कशालाच वापरवत नाहीत.

९ एप्रिल, गुरु.
गेली नाही. मास्तरांना आज नाव घेऊन सांगितलं. ऐकून म्हणाले, "सुखदेव, तू जा."
"मी? मी तर दिवसभर बोलतो."
"तेच म्हणतो."
जब्बार आज हसला नाही. ड्रिल बंद करून बसला होता. म्हणे, "भाभी को बोलो, सेठ कल से नहीं पूछेगा."
"पूछूंगा नहीं, ये बोलना भी तो बोलना हुआ, जब्बार."
"हाँ," म्हणाला. "फिर तो मुश्किल है."

११ एप्रिल, शनि.
कन्हानच्या कारखान्यात कोणी नव्हतं, मजूर जेवायला गेलेले. स्टुलावर बसून करून पाहिलं. समजा मी गेलो. समजा मॅडम म्हणाली, बोला काका. काय बोलू? ठेल्यापासून सुरुवात केली. ती गोष्ट मला पाठ आहे, लोकांना आवडते. संपली. मग पुढे? पुढे काहीच येईना. पत्रे तापून वाजत होते, तेवढंच.
बाप गेला तेव्हा मी रडलो नाही, हे आठवलं. मग उठलो.

१४ एप्रिल, मंगळ.
जयंती. आमच्या चौकात दरवर्षीप्रमाणे मठ्ठ्याचा स्टॉल, दोन मोठे कूलर माझे. व. पांढऱ्या साडीत, सकाळपासून ग्लास भरत होती. सगळ्यांशी हसून. विहारातली कोणी बाई म्हणाली, "वंदना, वाळली वं तू. बरी हायेस ना?"
"बरी हाये."
गर्दी, बॅंड, घोषणा. तरी तेवढं ऐकू आलं. मला देते तोच आवाज. म्हणजे सगळ्यांना तोच देते. फक्त माझ्याशीच असं वागते असं समजत होतो, त्यातही थोडा मानच होता.
स्टॉलचा खर्च वर्गणीतून होऊ दिला यावेळी. पोरं चकित. "काका, तब्येत बरी आहे ना?"

१८ एप्रिल
मशीन मागच्या खोलीतून उचलून समोरच्या खिडकीपाशी आणली. व. पाहत होती. "काहून?"
"उजेड चांगला आहे."
"विचारलं असतं तर सांगतलं असतं. समोर ऊन येते दिवसभर. मागंच बरं होतं."
परत नेऊन ठेवली. जड आहे. दोन्ही वेळा तिनं एका बाजूनं धरली. नेताना पायरीवर अडकली, तर दोघंही हसलो. थोडंसंच.

२३ एप्रिल, गुरु.
ऊन भयंकर. सकाळी व.नं इस्त्रीची साडी काढली. मी पाहिलं नाही असं दाखवून नाश्ता केला. सव्वादहाला तिनं चप्पल घातली, पर्स घेतली. मला एवढं बरं वाटलं की तोंडातून निघूनच गेलं, "सोडून देऊ का? ऊन हाये."
उभी राहिली जरा. मग चप्पल काढली. दोन्ही पाय नीट बाहेर काढून चपला भिंतीशी लावून ठेवल्या. "नाही. असंच निघाली होती."
माझ्या जिभेला काय म्हणावं. एवढी वर्षं हिनं पोट भरलं, म्हणून हिला कधी कोणी काही बोललं नाही.
स्कूटरची किल्ली घेतली. म्हटलं, "मी दुकानात जातो. संध्याकाळीच येईन." वळून पाहिलं नाही. रस्त्याला लागल्यावर मागून फाटक वाजते का म्हणून गाडी हळू केली, मग लाज वाटून जोरात काढली.
दुकानात मन लागेना. मास्तरांनी खुर्ची खाली करून दिली. साडेबाराला परत आलो. दाराला कुलूप.
बाजारात गेली असेल. बहिणीकडे असेल. ऊन उतरण्याची वाट न पाहता कोणी भाजी आणायला जात नाही, हेही खरं. फोन हातात घेतला होता, ठेवून दिला. चहा केला, एकट्याचा केला नाही. आता बसून हे लिहितो आहे. आल्यावर काय बोलायचं ते ठरवत होतो. "आलीस का" म्हटलं तरी त्यात विचारणं आहे. "चहा घे" म्हटलं तर मी वाट पाहत होतो असं होते. काहीच न बोललो तर रागावलो असं वाटेल तिला.
फाटक वाजलं.