आतून लावलेली कडी

धाकट्या,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही.

निराधार मुलं घरी ठेवून सांभाळायचा आमचा सरकारी परवाना काल रद्द झाला आणि आमच्याकडे सोपवलेल्या पोरीला दुसऱ्या घरी नेलं. घरात नोंद नसलेला माणूस राहत होता, हे कारण दिलं. तो माणूस म्हणजे तू. चार दिवसांसाठी म्हणून आलास आणि मुक्कामच ठोकलास. तपासणीच्या बाई आल्या, तसा मागच्या दारानं सटकलास.

चुगली कुणी केली? तपासणी झाल्यावर आधी शेजारणीवर संशय घेतला, मग तुझ्या दाजींवर. दोघांशीही कडाकडा भांडले. शेवटी काल पोरीला न्यायला आलेल्या बाईंनाच विचारलं.

त्या म्हणाल्या, "पोरीनंच सांगितलं. मामा घरात असले की ती खोलीला आतून कडी लावायची."

पोर निघताना मी तिला जवळ घेतलं. "का गं लावायचीस कडी?"

तिनं तुझ्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मामा त्या नव्या घरी येणार नाहीत ना?"

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस, तर उत्तर जुळवायला तुला वेळ मिळेल. उद्या मीच तुझ्या दारात येईन, आणि विचारताना तुझ्या तोंडाकडे बघेन.

ताई