खडकमळ्याच्या वळणावरचा बावटा

॥ श्री ॥
खडकमळा, चिंचवड स्टेशननजीक
ता. १२ जानेवारी १९५६

चि. दौलतरावास कुसुमताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं बरी आहोत. तुझं पत्र नाही म्हणजे तूही बराच असणार. तुला पडसं झाल्याशिवाय बहीण आठवत नाही.

पत्रास कारण रस्ता. पिंपरीकडे नवा कारखाना उभा राहतो आहे. त्याला खडी लागते, खडी डोंगरातल्या खाणीत आहे, आणि खाण व कारखाना यांच्या बरोबर मध्ये देवानं आमची वाडी ठेवली आहे. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत लॉऱ्या दारावरून जातात. ड्रायव्हरांना मजुरी खेपेवर, म्हणून त्या जात नाहीत, उडतात. आमची घरं रस्त्याच्या अलीकडे, विहीर आणि शाळा पलीकडे. पाणी काय आणि विद्या काय, दोन्ही जिवावर उदार होऊन आणायची.

भैरूच्या दोन शेळ्या गेल्या. तेव्हा पंचायत बसली. सरपंच आबाजींनी ठराव मांडला की मुलांनी इकडेतिकडे बघून रस्ता ओलांडावा. ठराव एकमतानं पास झाला. शेळ्यांना उद्देशून काही नव्हतं.

तुझे दाजी रेल्वेच्या फाटकावरून रिटायर झाले, पण मन अजून फाटकावरच राहिलं आहे. लॉरी गेली की ते असे बघतात, जशी काही मेल सिग्नल तोडून निघाली. तू बोर्डाच्या कचेरीत रस्त्यांच्या टेबलावर बसतोस, तर तुझ्या साहेबांना सांगून वळणावर एक पाटी आणि रस्त्यात आडवे दोन उंचवटे करून दे. भाऊबिजेला तू मला काय घातलंस ते मी काढत नाही, पण हे एवढं घाल.

चि. सौ. इंदूस आशीर्वाद. माया आहे ती पत्रातही थोडी उतरू दे.

तुझी,
कुसुमताई

॥ श्री ॥
पुणे
ता. २७ जानेवारी १९५६

ती. सौ. ताईस दौलतचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. भाऊबिजेचं लुगडं तूच नको म्हणाली होतीस, हे आधी लिहून ठेवतो.

तुझा अर्ज मी स्वतः फिरवला. वाडीच्या देवळापासून मोरीपर्यंतचा रस्ता तुमच्या पंचायतीचा. मोरीच्या पुढचा आमच्या बोर्डाचा. तुमचं वळण नेमकं मोरीवर आहे, आणि मोरी कोणाची हे शोधायला इंग्रजांच्या वेळचे नकाशे काढावे लागतील. उंचवट्यांचं विचारलं तर इंजिनीयर साहेब म्हणाले की त्यावर बैलगाडीचा कणा मोडला तर भरपाई बोर्डाला पडेल. मी म्हटलं, माणूस मोडला तर? ते म्हणाले, ती वेगळ्या टेबलाची बाब आहे. त्यांनी हे हसत म्हटलं नाही, म्हणून मलाही हसता आलं नाही.

'वाहने सावकाश हाका' अशी पाटी मात्र होण्यासारखी आहे. ओव्हरसियर येऊन जागा बघून जाईल. त्याला चहा दे, साखर सढळ घाल. त्याचा शेरा साखरेप्रमाणे पडतो. तोवर विहिरीवर एकटी जाऊ नकोस.

दाजींस साष्टांग नमस्कार. रागवायचं असेल तर राग, पण लिहीत राहा.

तुझा,
दौलत

॥ श्री ॥
खडकमळा
ता. २१ फेब्रुवारी १९५६

चि. दौलतरावास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा ओव्हरसियर येऊन गेला. त्यानं फीत काढून रस्त्याची रुंदी घेतली. घेताना लॉरी आली आणि त्याला फितीसकट चरात उडी मारावी लागली. वर येऊन त्यानं धोतर झटकलं, दोन कप चहा घेतला आणि वाहतूक समाधानकारक आहे असं लिहून नेलं. साखर बहुतेक जास्त झाली.

त्यानंतर चार दिवसांनी भैरूची बायको शालन पाण्याची घागर घेऊन ओलांडत होती, तिला लॉरीनं उडवलं. पाय मांडीपाशी मोडला. ड्रायव्हर तळेगावचा कादर. तुला तो आठवत असेल, बाजारच्या दिवशी बायकांची गाठोडी फुकट स्टेशनपर्यंत पोचवायचा तो. त्यानं लगेच लॉरी थांबवली. स्वतः खाली उतरला, भैरूच्या मदतीनं शालनला उचलून लॉरीत निजवलं आणि पुण्याच्या दवाखान्याकडे निघाला. तेवढ्यात गाव जमलं.

पहिली थप्पड आबाजींची. मग ज्याला जे हाताला लागलं ते. कादरला खाली ओढून मारलं. वर लॉरीत शालन विव्हळत होती आणि भैरू तिचं डोकं मांडीवर धरून ओरडत होता की अरे, आधी आम्हाला जाऊ द्या. त्याचं ऐकायला कोणाचे हात मोकळे नव्हते. मारून झाल्यावर लोकांच्या ध्यानात आलं की लॉरी चालवता येणारा माणूस तिथं तो एकटाच आहे. मग त्याचं तोंड धुतलं, पाणी पाजलं आणि त्यालाच गाडीवर बसवलं. एक डोळा मिटलेला, तशा स्थितीत त्यानं तिला पुण्याला नेलं. शालन जगली. लंगडेल.

तुझे दाजी देवळाच्या कट्ट्यावर हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी मारलं नाही. अडवलंही नाही. घरी येऊन म्हणाले की चार पडल्याशिवाय या लोकांना समजत नाही. मी म्हटलं, तुमच्या फाटकावर गाय कापली गेली तेव्हा ड्रायव्हरला इंजिनातून ओढून काढला होता का? त्यावर जेवले नाहीत.

गावात मात्र सणाचा उत्साह आहे. आबाजी म्हणतात, व्हय, आता कसा धाक बसला, पाटीबिटीची जरूरच न्हाई. पंचायतीनं तसा ठरावही केला.

आता नवीन ऐक. यांनी ठरवलं आहे की रोज शाळा भरताना आणि सुटताना आपण वळणावर बावटा घेऊन उभं राहायचं. माझ्या जुन्या तांबड्या चोळीचा बावटा मीच शिवून दिला. रेल्वेचा कोट, पितळी बटणं, सगळा थाट. निदान घरात पायांत येत नाहीत.

दोघांना आशीर्वाद. विसरू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
कुसुमताई

॥ श्री ॥
पुणे
ता. ५ मार्च १९५६

ती. सौ. ताईस दौलतचा शि. सा. न. वि. वि. दाजींचा तांबडा बावटा वाचून इंदू हसली. मीही लिहिणार होतो की फौजदार त्यांना कामगारांचा पुढारी समजून उचलून नेईल. पण काल कचेरीत जे ऐकलं, त्यानं चेष्टा सुचेनाशी झाली.

खडीचा कंत्राटदार आमच्या साहेबांकडे बिलासाठी आला होता. गप्पा मारताना सांगत होता की खडकमळ्याच्या लोकांनी आपल्या ड्रायव्हरला जनावरासारखा बडवला. आता सगळ्या ड्रायव्हरांना ताकीद दिली आहे की त्या वाडीत काही झालं तरी गाडी थांबवायची नाही. कोणी आडवं आलं तर जास्तच जोरात काढायची, आणि थेट चिंचवडच्या चौकीवर हजर व्हायचं. साहेब म्हणाले, बरोबर आहे.

ताई, धाक बसला आहे हे आबाजींचं खरं. पण तो हळू जाण्याचा नाही, थांबण्याचा बसला आहे. दाजींना सांग की तो बावटा गुंडाळून ठेवा. माझ्या शब्दाला त्यांच्याकडे किंमत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्या तोंडून सांग.

उलट टपाली दोन ओळी पाठव, म्हणजे झोप लागेल.

तुझा,
दौलत

॥ श्री ॥
खडकमळा
ता. ११ मार्च १९५६

चि. दौलतरावास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र यांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की उभ्या नोकरीत तांबडा बावटा दाखवला आणि गाडी थांबली नाही असं एकदाही झालं नाही. मी म्हटलं, तिथं बावट्यामागे सरकार होतं, इथं मागे आबाजी आहेत. म्हणाले, बावट्याला मागचं दिसत नाही.

खोटं कशाला लिहू, दोन-तीन लॉऱ्या थांबल्याही. मुलं ओळीनं पलीकडे गेली. हे घरी आले ते मेल वेळेवर सोडल्यासारखे. इतक्या वर्षांत यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं, म्हणून पुढं बोलले नाही.

तू झोप घे. बहीण अजून खंबीर आहे.

तुझी,
कुसुमताई

॥ श्री ॥
पुणे
ता. १६ एप्रिल १९५६

ती. गं. भा. ताईस दौलतचा शि. सा. न. वि. वि. सवयीनं आधी 'सौ.' लिहून गेलो. तो कागद फाडला आणि हा घेतला.

दाजींचं तेरावं करून मी आलो खरा, पण इतके दिवस तुझ्यासमोर बसूनही तू त्या सकाळबद्दल बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही. आता विचारावं लागतं आहे. ज्या लॉरीनं दाजींना उडवलं, तिचा ड्रायव्हर चौकीवर हजर झाला. त्याचा खटला चालेल. परंतु काल आमच्या कचेरीत आबाजींचा वेगळाच अर्ज आला, त्याची नक्कल फौजदाराकडे गेली आहे. तो कादरवर आहे. कादर मागाहून रिकामी लॉरी घेऊन आला, जखमी माणूस पाहिला, आणि मदत न करता जाणूनबुजून गाडी वळवून पळाला, म्हणून त्याचं लायसन रद्द करून त्याच्यावर खटला भरावा, असं म्हटलं आहे. खाली साऱ्या वाडीच्या सह्या आणि अंगठे. 'मयताची पत्नी' असं लिहिलेली जागा तेवढी मोकळी आहे. साहेब म्हणतात, तुझी सही आली तर तो सुटणार नाही.

त्यानं खरंच पाहिलं का, ताई? पाहून गेला असेल तर मला त्याची दया येणार नाही.

पाटी मंजूर झाली. आता गरज सिद्ध झाली आहे, असा शेरा आहे.

इंदू तुला इकडे बोलावते आहे. येईपर्यंत निदान लिही.

तुझा,
दौलत

॥ श्री ॥
खडकमळा
ता. २२ एप्रिल १९५६

चि. दौलतरावास अनेक आशीर्वाद. वि. वि. तेव्हा बोलले नाही, कारण घर सारखं माणसांनी भरलेलं होतं, आणि सांगायचं ते त्याच माणसांबद्दल होतं.

मी विहिरीवर होते. हे वळणावर, बावटा वर धरून. मागे कट्ट्यावर नेहमीची मंडळी बसलेली. लॉरीचा ड्रायव्हर नवा होता. त्यानं चौकीवर सांगितलं ते फौजदारानं मला वाचून दाखवलं. त्याला खाणीवर सांगितलं होतं की खडकमळ्यात गाडी अडवून मारतात. त्याला तांबडं फडकं दिसलं, मागे माणसं दिसली, त्यानं पाय दाबला. बाजूला व्हायला यांना वेळ होता. ते मी पाहिलं. पण एकदा बावटा दाखवला की मागे सरायचं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

लॉरी निघून गेली. हे शुद्धीवर होते, पाणी मागत होते. तेवढ्यात पिंपरीकडून कादरची रिकामी लॉरी आली. तिला बघून सगळं गाव हात वर करून ओरडत धावलं. पुढे आबाजी. कादरनं लांबच गाडी थांबवली, क्षणभर बघितलं, शेतात घालून वळवली आणि गेला. ज्या बाजूला दवाखाना, त्याच बाजूला ती रिकामी गाडी गेली.

मग बैलगाडी जोडली. स्टेशनच्या फाटकाशी पोचलो तर फाटक बंद, मालगाडी यायची होती. फाटकवाल्यानं यांना ओळखलं, रडायला लागला, पण फाटक उघडलं नाही. यांनीही उघडलं नसतं. तिथंच गेले. नंतर सायकलवरून एक शिपाई धापा टाकत आला. म्हणाला, कादर चौकीवर येऊन सांगून गेला की वाडीत कोणी पडलं आहे, लवकर माणूस पाठवा.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तळेगावला गेले. गंगाभागीरथीनं घराबाहेर पडायचे हे दिवस नव्हेत, हे लोकांनी मला वाटेत सांगितलं. कादरच्या आईनं, ताहेराबींनी, दार उघडलं आणि मी खडकमळ्याची म्हणताच पुन्हा लावून घेतलं. मी पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन त्याच बाहेर आल्या. कादरला एका डोळ्यानं अजून अंधूक दिसतं. त्याला मी तू विचारलास तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला की काकी, जमिनीवरचं माणूस मला दिसलं, कोण ते दिसलं नाही. हात दिसले. तीच माणसं, तेच हात वर. मारायला येतात की बोलवायला, ते हातांवरून कसं कळायचं? मी तांब्या रिकामा केला आणि निघाले. माफी त्यानं मागितली नाही आणि मीही नाही. कोणी कोणाची मागायची, हे ठरवायला तिथं पंचायत नव्हती.

तर दौलत, मी सही करणार नाही. फौजदारांकडे जाऊन मी माझी जबानी दिली. कादरला मारला तो दिवस पहिल्यापासून सांगितला, आबाजींची थप्पड सांगितली, आणि माझा नवरा कट्ट्यावर हाताची घडी घालून उभा होता हेही सांगितलं. लेखनिकाचा टाक थांबला. विचारलं, बाई, हे घालायचंच का? म्हटलं, घाला.

तुझ्याकडे येणार नाही, इंदूला वाईट वाटू देऊ नकोस. मी गेले तर आबाजी म्हणतील की बाई शोकानं भ्रमिष्ट होती, म्हणून भावानं नेली.

गाव माझ्याशी बोलत नाही. त्याचं मला फारसं वाटत नाही. पूर्वी बोलत होतं तेव्हा तरी काय ऐकण्यासारखं होतं. पण विहिरीची एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून ऐकून काळजी करशील. वळणापलीकडची लॉरी ओलांडणाऱ्या बाईला दिसत नाही, विहिरीवरच्यांना दिसते. म्हणून विहिरीवरच्या बायका ओरडून सांगतात, गं आली, थांब, किंवा गेली, ये. आमच्यात हे रोजचं आहे. जबानी दिल्यापासून माझ्या वेळेला सगळ्या गप्प असतात. घागरी भरतात, मान वर करत नाहीत. मी आपली कडेला उभी राहून कान देते.

शालन आता काठी घेऊन विहिरीवर येऊन बसते. भैरू आबाजींचं शेत वाट्यानं करतो, त्यामुळे तिला माझ्याशी बोलायची बंदी आहे. खोकायची बंदी करायचं कोणाला सुचलेलं नाही. ती खोकली की मी थांबते.

तुझा लोभ अजून या पत्त्यावर येतो, तो येऊ दे.

तुझी,
कुसुमताई