न झालेल्या बाळाचा जन्मदाखला

दि. १४ नोव्हेंबर २००३

प्रति,
मा. अधीक्षक,
जिल्हा नारळ-सुपारी विकास कार्यालय, रत्नागिरी

विषय : प्रसूती रजा रद्द करून अर्जित रजा मिळण्याबाबत (प्रसूती झालेली नाही).
संदर्भ : बाळाचा जन्मदाखला तातडीने सादर करण्याबाबतचे आपले दि. ५ नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार सौ. दमयंती हर्षद शिवलकर, टंकलेखिका, वय ४३, हिने पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी सहा आठवडे रजा मागितली होती. ती शस्त्रक्रिया सुटलेले पोट कापून सपाट करण्याची होती. तसे लिहायची अर्जदारास लाज वाटली. आस्थापना लिपिक श्री. दादू सुर्वे हे चार महिने अर्जदारास पाहताच "वैनी, बसा, या दिवसांत उभ्या ऱ्हावू नका" असे म्हणून स्वतःची खुर्ची देत असत. खुर्ची चांगली होती. अर्जदार निमूट बसत असे. श्री. सुर्वे यांनी भल्या मनाने प्रसूती रजा लावली.

२. डॉक्टरांनी सर्व आधीच समजावले होते. पंधरा दिवस कंबरेत वाकून चालावे लागेल, साचलेले पाणी काढायला कुशीतून नळ्या निघतील, खोकताना पोटाशी उशी धरावी, पट्टा सोडू नये. तसेच झाले. बेंबीलाही अर्ज न करता नव्या कातडीत नवी पदस्थापना मिळाली. पोट अजून बधिर आहे, चिमटा काढला तरी कळत नाही. आपले पत्र मात्र कळले. कार्यालयातील भगिनी दारात डिंकाचे लाडू ठेवून काही न विचारता निघून जातील, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. लाडू अर्जदारानेच संपवले. त्यामुळे शस्त्रक्रियेचा काही भाग वाया गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.

३. आता हसण्यासारखे नाही ते. अर्जदाराचे पती चौदा महिने बोटीवर आहेत. आपले पत्र सासूबाई श्रीमती येसूबाई यांनी पोस्टमनकडून वाचून घेतले. तेव्हापासून त्या बोटांवर महिने मोजत आहेत. अर्जदाराने पोटावरचे टाके दाखवले, तर ते सिझरचेच असे त्यांनी ठरवले आणि "मग प्वार कुठं ठेवलंस?" एवढेच विचारले. पती १ डिसेंबरला बोटीवरून उतरतात. त्यांना बायको जरा बारीक दिसावी, यासाठी हा सारा खटाटोप होता. ते अर्जदारावर विश्वास ठेवतील. पण तो ठेवावा लागावा, याचे फार वाईट वाटते.

४. तरी सेवापुस्तकातील नोंद दुरुस्त करून, अर्जदारास मूल झालेले नसल्याचे पत्र गोल शिक्क्यासह ३० नोव्हेंबरपूर्वी द्यावे. सासूबाईंना सुनेचा शब्द पुरत नाही, शिक्का पुरेल.

आपली, तूर्त ताठ उभी राहू न शकणारी,
सौ. दमयंती हर्षद शिवलकर

सोबत : जन्मदाखल्याऐवजी, काढून टाकलेल्या चरबीचा दवाखान्याचा दाखला. त्यावर वजन दोन किलो आठशे ग्रॅम लिहिले आहे. कृपया बाळ समजू नये.