तुरुंगात देवस्थळी गेले नव्हते

मी, महिपती शिवराज पांचाळ, वय ५८, धंदा पाइप फिटर, राहणार कंपनी कॅम्प, रास लफान, कतार, पुढच्या आठवड्यात हृदयाच्या ऑपरेशनला जाण्याआधी हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. रागात लिहितो आहे, पण शुद्धीत लिहितो आहे. कुणाचा दाब नाही.

१. गावचं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी बायडाबाई हिची. तिने अठ्ठावीस वर्षं नवरा फोनवरच पाहिला. यात कुणी वाटा मागू नये.

२. माझ्या पेटीतली पणजोबांची पितळी स्टिक, म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची पट्टी, आणि सोबतची कोर्टाच्या निकालाची नक्कल मुलगी राणी हिची. स्टिक मी इकडे आणली, कारण घरी राहिली असती तर एव्हाना काचेत गेली असती. पुतण्या मच्छिंद्र याने ती तालुक्यातल्या देवस्थळी स्मारकाला परस्पर कबूल केली. फोनवर म्हणाला, "आप्पा, खाली 'देवस्थळींच्या हातातली स्टिक' असं लिवणार हायेत. देणगीदारांत तुमचंबी नाव घालतो की!" घाल बाबा. लाज तेवढी घालवू नकोस.

३. यज्ञेश्वर हरी देवस्थळी, कादंबरीकार आणि 'लोकप्रदीप' पत्राचे संपादक. १८८९ साली त्यांनी कलेक्टराविरुद्ध जळजळीत अग्रलेख लिहिला. शाबास. पण कायद्याने अंकाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाचं नाव लागायचं, आणि तिथे त्यांनी नाव घातलं होतं माझे पणजोबा, खिळे जुळवणारे जालिंदर पांचाळ यांचं. पोलीस आले तेव्हा अग्रलेख कुणी लिहिला हे संपादकांना आठवेना. पणजोबांनी दीड वर्ष ठाण्याच्या तुरुंगात खडी फोडली. सुटल्यावर बोटांत खिळा धरवेना. देवस्थळींनी त्यांना समोर बसवून तुरुंगाची सगळी हकीकत विचारून घेतली आणि 'शृंखलामोचन' कादंबरी लिहिली. ती गाजली. पुढे 'लोकप्रदीप'मध्ये गव्हर्नरसाहेबांची स्तुती आणि पीकपाणी छापून येऊ लागलं, देवस्थळी रावबहादूर झाले, आणि पणजोबा त्याच छापखान्याच्या दारावर पहारेकरी. आता स्मारकाच्या भिंतीवर लिहिलंय, 'कारावास भोगलेला लेखक'. कुणी भोगला? मेल्या माणसाचा तुरुंगसुद्धा सोडत नाहीत!

४. देवस्थळींना मी आयुष्यभर शिव्या दिल्या. आता माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी आमचे इंजिनिअर सदानंद साहेब यांनी फोन केला, "महिपती, मी दोह्यात मीटिंगला अडकलोय. काम सुरू करायच्या परमिटवर तूच सही करून टाक. व्हॉल्व्ह मी कालच चेक केलाय, यल्ला, उरक लवकर!" मी न बघता सही केली. व्हॉल्व्ह चेक झालेलाच नव्हता. सुटलेल्या वाफेने माझ्या खोलीतल्या बाबूचा उजवा हात भाजून निकामी झाला. चौकशीत साहेबांना फोन आठवेना. माझी फोरमनकी गेली, साहेबांना बढती मिळाली. आणि मी? पणजोबांसारखाच मुकाट बसलो. बाबूलाही सांगितलं नाही. त्याला अजून वाटतं, पाइपच जुना होता.

या कलमाची प्रत मी मरायची वाट न बघता रविवारी सेफ्टी ऑफिसात देणार आहे. नोकरी जाईल. जाऊ दे, खलास.

५. स्मारकाच्या भिंतीवर जालिंदर पांचाळ तुरुंगात गेले असं दगडात कोरलं, तरच राणीने स्टिक द्यावी. तोवर मच्छिंद्रने तिच्या दारातही उभं राहू नये.

६. माझे पाने आणि हत्यारं बाबूला देणार होतो. कोणत्या तोंडाने देऊ? म्हणून चौथं कलम आज त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लई उशीर केलास, महिपती. हत्यारं नकोत मला." आणि साक्षीदाराची जागा कुठे आहे ते विचारलं.

आजवर साहेबांसाठी पुष्कळ सह्या केल्या. ही माझी.

महिपती शिवराज पांचाळ (सही)
रास लफान, शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. अनीसा मुल्ला, नर्स, कॅम्प दवाखाना (सही)
२. बाबू केरबा शिंगटे, पूर्वी फिटर, सध्या स्टोअर (सही, डाव्या हाताने)