हरणासाठी गोळ्या आणि आईंचा तपकिरी स्वेटर

पुकेकोहे,
ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. एरवी हे शब्द मी खुर्चीत बसून लिहितो. गेल्या शनिवारी मात्र मी खरोखरच आठही अंगं जमिनीला टेकून, नाक शेवाळात खुपसून एका डोंगरावर पडलो होतो, आणि त्या अवस्थेत मला पहिली आठवण तुमची आली. तेव्हा या खेपेचा नमस्कार मनापासूनचा समजावा. तुमचा गुडघा कसा आहे? गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घेताय ना? (उपाशीपोटी घेऊन वर चहा पिणं म्हणजे जेवण नव्हे, हे मी फोनवर सांगितलं होतं.) आईंचं ब्लडप्रेशर काय म्हणतं? त्यांनी मीठ कमी केलं म्हणजे फक्त तुमच्या ताटातलं केलं, असं मुग्धाचं म्हणणं आहे.

व्हॉट्सॲप असताना कागदावर का लिहितोय, असं तुम्ही विचारणारच. घरच्या ग्रुपची ॲडमिन तुमची कन्या आहे. शिवाय तिच्याकडे बंदूक आहे हे तुम्हाला ठाऊक असलं तरी आईंना ठाऊक नाही. त्यांना हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा ‘बंदूक’ येईल तिथे ‘कॅमेरा’ म्हणावं, बाकी मजकूर बराचसा जुळेल.

ही बंदूक घरात आली ती माझ्यामुळे, हे कबूल. इथल्या चार लोकांचं बघून लायसन्स काढायची हौस मला आली. इथे लायसन्स देण्याआधी सरकारी माणूस घरी येतो आणि बायकोला एकटीला बसवून विचारतो की नवरा कसा आहे, चिडका आहे का. माझ्याबद्दल मुग्धाने दोन मिनिटांत समाधानकारक उत्तरं दिली (काय दिली ते मला आजतागायत कळलेलं नाही) आणि उरलेला तासभर त्यालाच प्रश्न विचारले. पुढच्या वर्षी तिचंही लायसन्स आलं. माझं तेव्हापासून पाकिटात आहे. तिने मात्र तिच्या वॉर्डच्या मुख्य नर्स अरोहा यांची थ्री-ओ-एट रायफल मागून घेतली आणि दर रविवारी रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडू लागली. अरोहाच्या घरचे दरवर्षी या दिवसांत आपल्या डोंगरावर एक-दोन हरणं मारतात आणि वर्षभर तेच मांस खातात. यंदा त्यांनी मुग्धाला बोलावलं.

मुग्धाची अट एकच होती, आणि ती तिने मला स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता सांगितली. हरीण एका गोळीत जागच्या जागी पडणार असेल तरच ती चाप ओढणार. ज्यांचे शेवटचे दिवस चालू आहेत अशा माणसांच्या वॉर्डात ती काम करते. तडफड थांबवण्यासाठी रोज धावते, ती स्वतःच्या हाताने कुणाला द्यायची नाही, असं म्हणाली. मटण मी खाते, मग एकदा त्याच्या डोळ्यांत बघायची तयारी हवी, असंही म्हणाली. मी मान डोलावली. मग तिने मला गोळ्या आणायला पाठवलं. दीडशे ग्रेनच्या, मऊ टोकाच्या, असं दोनदा सांगून.

आता बाबा, ग्रेन हे आमच्या फार्मसीचं जुनं वजन. कॉलेजात आम्ही ते घोकलेलं आहे. (गोळी या शब्दावरून तुम्हाला आत्ता जो विनोद सुचला तो मुग्धाने आधीच तीनदा केलाय.) त्यामुळे त्या दुकानात मी माहेरी आल्यासारखा शिरलो. दीडशेच्या मऊ टोकाच्या संपल्या होत्या. शेजारी त्याच मापाचा, एकशे अडुसष्टचा खोका होता, किमतीने चढा आणि दिसायला देखणा. माझ्या दुकानात एका कंपनीचं औषध नसलं की दुसऱ्या कंपनीचं तेच औषध मी दिवसातून पन्नासदा देतो. इथे तर डोसही थोडा जास्त मिळत होता! डोस जास्त म्हणजे हरीण लवकर जाणार, त्रास कमी, असा मी शास्त्रशुद्ध विचार केला. टोकाला सुईएवढं भोक होतं, ते मला मऊपणाचंच लक्षण वाटलं. काउंटरवरच्या माणसाने कशासाठी हव्यात असं विचारलं. आमच्याकडे येणाऱ्या ज्या गिऱ्हाइकांचा मला सर्वांत जास्त राग येतो, ती नेमकं जे उत्तर देतात तेच मी ऐटीत दिलं: ‘नेहमीचंच.’ त्याने लायसन्स बघितलं आणि खोका दिला.

तौमारुनुईच्या पलीकडे अरोहाच्या घरच्यांची जमीन आहे आणि वर जंगलाच्या कडेला पत्र्याची एक झोपडी, तिला इथे हट म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथे पोचलो. या दिवसांत नरांचा माज असतो. ते रात्रंदिवस डरकाळ्या फोडतात, आणि शिकारी लोक नळी तोंडाला लावून त्यांची नक्कल करतात, म्हणजे समोरून आवाज आला तर तो हरणाचा की माणसाचा हे आधी ठरवावं लागतं. म्हणून अरोहाने मला झगझगीत नारिंगी जाकीट दिलं आणि दोन नियम सांगितले: हे अंगावरून काढायचं नाही आणि हट सोडायची नाही. दोन्ही मला मनापासून पटले.

शनिवारी उजाडायच्या आत मुग्धा डाव्या धारेवर गेली, अरोहा उजव्या. मी चहा ठेवला. खिडकीत माझा गोळ्यांचा खोका होता. समोर छापील मजकूर असला की तो वाचल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की या गोळ्या लक्ष्यभेदाच्या स्पर्धांसाठी आहेत, शिकारीसाठी त्यांची शिफारस नाही. मी खोक्याला हातही न लावता ते पुन्हा वाचलं. मग रेंजवर मुग्धाने सांगितलेलं सगळं एकदम आठवलं. मऊ टोकाची गोळी अंगात शिरली की फुलते आणि जनावर कोसळतं. स्पर्धेची गोळी कागदावर अचूक बसते, पण अंगात फुलेलच याचा भरवसा नाही. ती आरपार जाते, आणि हरीण पोटात भोक घेऊन झाडीत पळतं, तिथे तासन् तास पडून राहतं. तुमची लेक ते विसरणार नाही. आणि लेबल वाचा, लेबल वाचा म्हणून सगळ्या पुकेकोहेच्या डोक्यावर बसणाऱ्या तुमच्या जावयाने ते घडवून आणलेलं असणार.

फोनला रेंज नव्हती. मी डाव्या धारेच्या दिशेने पळालो.

डोंगर चढणं मला जमत नाही हे तुम्ही पर्वतीवर पाहिलेलं आहे. त्यात इथलं जंगल म्हणजे पाय ठेवावा तिथे गुडघाभर नेचे आणि खाली भिजलेलं लाकूड. दर पावलाला वाटायचं, आत्ता बार ऐकू येईल. एकदा फांदी मोडली तर मी कान झाकून उभा राहिलो. अर्ध्या वाटेवर घाम पुसायला हात गळ्याशी नेला आणि हाताला लोकर लागली. नारिंगी जाकीट हटच्या खिळ्यावर होतं. माझ्या अंगावर आईंनी विणलेला तपकिरी स्वेटर होता. आईंच्या विणकामाबद्दल मला नितांत आदर आहे, पण बाबा, तो रंग हुबेहूब हरणाचा आहे.

मागे फिरावं तरी पाठ तपकिरी, पुढे जावं तरी पोट तपकिरी. तेवढ्यात इतक्या जवळून डरकाळी आली की माझ्या दाढा थरथरल्या. झाडीपलीकडे मोकळ्या उतारावर एक नर उभा होता. शिंगं केवढी, मान केवढी, आणि तोंडातून वाफ. आणि त्याच्या पलीकडे, समोरच्या धारेवर, एक नारिंगी ठिपका जमिनीला चिकटून पडलेला. म्हणजे मुग्धा, मध्ये हरीण, आणि बरोबर मागे मी. मी तिथेच आडवा झालो. एवढा घाबरलेला मी आयुष्यात कधी नव्हतो. नुसतं ओरडावं तर मध्ये दरी, शब्द फुटून जाणार, आणि नुसता आवाज तर हरीणही करतं. मी माणूस आहे, आणि तिचाच माणूस आहे, हे सिद्ध कसं करायचं?

मुलगी बघायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही पोहे खायच्या आधी एकोणतीसचा पाढा म्हणायला लावत होतात. मी छाती फोडून सुरुवात केली. एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! हरणाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्रिक सत्त्याऐंशी, चोक एकशे सोळा, पाचा एकशे पंचेचाळीस, सक एकशे चौऱ्याहत्तर... आणि साती? साती काय? त्या दिवशी तुमच्यासमोर जिथे अडकलो होतो तिथेच, त्याच ओळीवर, जीव टांगणीला लागलेला असताना मी अडकलो. दरीत सगळं शांत. हरीणसुद्धा थांबलं होतं. मग समोरच्या धारेवरून तुमच्या लेकीचा आवाज आला, खणखणीत:

“दोनशे तीन! आणि जागचा हलू नकोस!”

हरीण दोन उड्यांत झाडीत गेलं, धडधाकट.

ती दरी उतरून माझ्यापर्यंत आली तेव्हा रायफल रिकामी केलेली होती. मी गोळ्यांबद्दल सगळं सांगून टाकलं. ती एक शब्दही रागाने बोलली नाही. माझ्या केसांतलं शेवाळ काढलं, थर्मासमधला चहा दिला आणि ‘बरं झालं आलास’ एवढंच म्हणाली. एका मुक्या जिवाच्या यातना आणि तुमच्या मुलीच्या मनावरचा जन्माचा डाग, दोन्ही वेळेवर पोचून टाळल्याचं समाधान घेऊन मी हे पत्र संपवतो. माझ्या धावण्याबद्दल चार लोकांत बोललात तर माझी हरकत नाही.

आईंना नमस्कार. गोळी जेवणानंतर.

तुमचा जावई,
देवव्रत

ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी लिहिणं भाग आहे. दुकानात परत करावा म्हणून खोका आज पहिल्यांदा उघडला. आत वीसच्या वीस गोळ्या आहेत.

ता. क. २. मुग्धाला विचारलं. तिने लेबल शुक्रवारी गाडीतच वाचलं होतं आणि अरोहाकडून मऊ टोकाच्या चार गोळ्या मागून घेतल्या होत्या. खोका खिडकीत तिनेच ठेवला, मागची बाजू पुढे करून. मी वाचतो का, आणि वाचलं तर संध्याकाळी कबूल करतो का, एवढंच तिला बघायचं होतं. मी डोंगर चढून येईन हे तिच्या हिशेबात नव्हतं. चापावरचं बोट तिने माझा पाढा सुरू व्हायच्या आधीच काढलं होतं. हरणामागे दुर्बिणीत काहीतरी तपकिरी हललं आणि त्यावर आईंचा वेणीचा टाका दिसला. मग मला पाढा का म्हणू दिलास, असं मी विचारलं. ती म्हणाली, म्हणू कुठे दिला, मला आवाजच फुटत नव्हता, सातीपर्यंत. एवढं बोलून ती रडली, बाबा, आणि मग मीही.

ता. क. ३. मूळ काम राहिलंच. आईंना म्हणावं, पुढचा स्वेटर नारिंगी लोकरीचा विणा, डोळ्यांना टोचेल असा. कारण विचारलं तर कॅमेऱ्यात चांगला येतो म्हणून सांगा. टाका मात्र तोच हवा.